नातवंडांनी विचारायचे प्रश्न

आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापासून गावोगावच्या शाळांपर्यंत आज झेंडावंदन होईल, हुतात्म्यांना अभिवादन होईल. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा भारतात आला. हीच तारीख पोलंडमध्येही पाळली जाते, पण तिथे ती देश बुडाल्याची तारीख आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून. दोघांनी गुप्त करार करून देशाची वाटणी आधीच ठरवून टाकली होती. वॉर्सात आज लोक एका स्मारकापाशी जमतील. रेल्वेच्या रुळांवर मालगाडीचा एक उघडा डबा आणि त्यात दाटीवाटीने उभे केलेले क्रूस, असे ते स्मारक आहे. पूर्वेकडे नेऊन मारलेल्या आणि तिकडेच खितपत मेलेल्या माणसांसाठी ते १७ सप्टेंबर १९९५ रोजी उभे राहिले. मधे ५६ वर्षे गेली होती.

एवढा उशीर का झाला आणि तो कोणी भरून काढला, हे मराठी वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. या इतिहासाचा एक धागा थेट कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात येऊन पोचतो म्हणून, आणि १७ सप्टेंबरच्या आपल्या स्वतःच्या स्मरणाबद्दल तो एक अवघड प्रश्न विचारतो म्हणूनही.

पूर्व पोलंड हातात आल्यावर सोव्हिएत गुप्त पोलिसांनी याद्या करायला घेतल्या. त्या याद्यांत बडे जमीनदार होते, पण त्यांच्याहून किती तरी अधिक साधी माणसे होती. आधीच्या युद्धात लढल्याबद्दल जमिनीचा तुकडा मिळालेले शेतकरी, वनखात्याचे कामगार आणि त्यांची कुटुंबे. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे पहिली उचल झाली. दार ठोठावले गेले, आवराआवरीला कुठे पंधरा मिनिटे मिळाली तर कुठे तासभर. आजी-आजोबा, बाळंतिणी, तान्ही मुले, सगळ्यांना बर्फातून स्टेशनवर नेऊन मालगाडीत कोंबले. त्या एका फेरीत सुमारे १,४०,००० माणसे सायबेरियाच्या आणि उत्तर रशियाच्या जंगलांत लाकूडतोडीसाठी नेली गेली. एप्रिलमध्ये दुसरी फेरी, जूनमध्ये तिसरी, पुढच्या वर्षी चौथी.

एप्रिलच्या फेरीत मुख्यतः बायका आणि मुले होती. ज्यांचे नवरे, वडील पोलिश सैन्यात किंवा पोलिसांत अधिकारी होते आणि सोव्हिएत कैदेत होते, त्यांची ही कुटुंबे. त्यांना कझाकस्तानच्या माळरानावर नेऊन टाकले. या बायकांना माहीत नव्हते की त्याच आठवड्यांत काटीनच्या जंगलात आणि इतर दोन-तीन ठिकाणी त्यांच्या माणसांच्या मानेत मागून गोळ्या घातल्या जात होत्या. ५ मार्च १९४० च्या हुकमावर स्टालिनची सही आहे. १९५९ च्या एका सोव्हिएत टिपणात मारलेल्यांची संख्या २१,८५७ अशी नोंदलेली आहे. कैद्यांची पत्रे त्या वसंत ऋतूत अचानक यायची थांबली, एवढेच घरच्यांना कळले.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर स्टालिनवर उलटला. मग स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि हद्दपार पोलिश नागरिकांना ‘माफी’ मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! पोलिश जनरल आंदर्स यांची फौज सोव्हिएत भूमीवर उभी राहू लागली, तशी माणसे जंगलांतून, माळरानांतून, मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे सरकू लागली. १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सैनिक आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ ४०,००० नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. टायफस आणि हगवणीने त्यांच्यातले कित्येक तिथेच गेले. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत त्यांची थडगी रांगेने आजही आहेत. उरलेल्यांना पुढे कुठे ठेवायचे? काही इस्फहानला गेले, काही पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी जागा दिली. आणि १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट ऐकून माहीत आहे. लांबच लांब बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, नाटके, स्काउटांची पथके, पंचगंगेच्या खोऱ्यात वसलेले एक पोलिश खेडेच. महावीर उद्यानात त्याचे स्मारक आहे. तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली. २०१९ मध्ये महायुद्धाला ८० वर्षे झाली तेव्हा छावणीत वाढलेली काही वृद्ध माणसे पोलंडहून कोल्हापुरात आली, त्यांचे मनापासून स्वागत झाले. हे सगळे चांगलेच आहे.

पण या आठवणीत काय राहिले आणि काय गळून पडले, तेही पाहिले पाहिजे. आपल्या सांगण्यात बहुतेक वेळा आपली माया असते, आपला पाहुणचार असतो. ती माणसे मुळात इथवर का आली, त्यांचे बाप कुठे गेले, आणि युद्ध संपल्यावरही ती घरी का परतली नाहीत, हे दोन ओळींत उरकले जाते. काही वेळा तर छावणीचा सगळा खर्च संस्थानाने केल्यासारखे बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की जागा संस्थानची होती, व्यवस्था तेव्हाच्या ब्रिटिश भारत सरकारची आणि खर्चाचा भार लंडनमधल्या पोलंडच्या विजनवासातील सरकारवर होता. कोल्हापूरच्या जनतेचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. परक्या, आजारी, पोरक्या माणसांना या भागातल्या शेतकऱ्यांनी, दूधवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी पाच वर्षे शेजारी म्हणून वागवले, हे खरेच आहे. त्या खरेपणाला फुगवट्याची गरज नाही. शिवाय ज्या वर्षी ही छावणी उभी राहिली त्याच १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मरत होती, आणि त्यांच्यासाठी आपल्या गावोगाव कुठे स्मारक दिसत नाही, हेही या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

ही माणसे परत का गेली नाहीत? कारण घर राहिले नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा परिषदेत पूर्व पोलंड स्टालिनच्या पदरात पडले. ल्वूव, विल्नो ही शहरे नकाशावर दुसऱ्या देशात गेली. वळिवड्याच्या मुलांचे वडील आणि भाऊ मे १९४४ मध्ये इटलीत मोन्ते कासिनोचा डोंगर चढत होते. त्याच इटलीच्या रणभूमीवर दोन महिन्यांनी रायगडकडचा नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. विजय झाला, पण पोलिश सैनिकांना परतायला गाव उरले नाही. १९४७-४८ मध्ये वळिवड्याहून बहुतेक जण इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, थोडे पोलंडला. छावणी मोकळी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. आज आपण ज्या गांधीनगरात लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ते हेच ठिकाण. एका महायुद्धाचे आणि एका फाळणीचे निर्वासित एकाच छपराखाली पाठोपाठ राहून गेले, असे ठिकाण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

जे पोलंडला परतले त्यांच्या वाट्याला आणखी एक शिक्षा आली, गप्प राहण्याची. नवे साम्यवादी सरकार मॉस्कोच्या तालावर चालत होते. सायबेरियाबद्दल ब्र काढायची सोय नव्हती. काटीनचे पाप जर्मनांचे, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जात होते. बापाच्या मृत्यूची खरी तारीख मुलगी फॉर्मवर लिहू शकत नव्हती. सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० रोजी, पन्नास वर्षांनी. तोवर ज्या बायकांनी पत्राची वाट पाहिली होती त्यांतल्या बहुतेक गेल्या होत्या. मात्र गोष्ट गेली नव्हती. ती स्वयंपाकघरात, दारे-खिडक्या लावून, मुलांना आणि नातवंडांना सांगितली गेली होती. लंडनला गेलेल्या वळिवड्याच्या आणि बालाचडीच्या मुलांनी मोठेपणी संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, छायाचित्रे जमवली, जाडजूड ग्रंथ छापला. सरकार ज्या इतिहासाला नाही म्हणत होते तो त्यांनी बिऱ्हाडाबरोबर जगभर नेला.

पुढच्या पिढीने हे ओझे का वाहावे, या प्रश्नाचे एक उत्तर इथेच सापडते. आठवण पुढे गेली नाही तर जागा रिकामी राहत नाही, तिथे खोटे राहायला येते, आणि खोट्याला वारस लगेच मिळतात. रशियात आज हे डोळ्यांसमोर घडते आहे. काटीनच्याच हत्याकांडातल्या काही कैद्यांना जिथे मारले त्या त्वेर शहरातल्या इमारतीवरच्या स्मृतिफलकांना २०२० मध्ये काढून टाकण्यात आले. स्टालिनच्या काळातल्या बळींची नावे तीस वर्षे गोळा करणारी ‘मेमोरियल’ ही संस्था डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाच्या हुकमाने बंद करण्यात आली. दोनच महिन्यांनी युक्रेनवर रणगाडे गेले. एकामुळे दुसरे झाले असे सिद्ध करता येणार नाही. पण मेलेल्यांची नावे पुसायला सरकार का घाईला आले असेल, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि अधिक दुखरी आहे. साक्षीदारांची आठवण पवित्र असते, पण पूर्ण नसते. निर्वासितांच्या सांगण्यात हद्दपारांची संख्या दहा लाखांच्या वर होती. १९९० नंतर सोव्हिएत दप्तरे उघडली तेव्हा कागदांवरून ती सव्वातीन लाखांच्या आसपास निघाली. म्हणून म्हातारी माणसे खोटे बोलत होती का? मुळीच नाही. गच्च भरलेल्या डब्यातून, उपाशी पोटी, भोवती मरणारी माणसे पाहत जो प्रवास करतो तो मोजदाद करत नसतो. घटना घडली हे आठवणीने टिकवले, किती आणि कशी घडली हे कागदाने सांगितले. दोन्ही एकत्र ठेवण्याचे काम तिसऱ्या कोणाला करावे लागते. ते काम भोगलेल्या माणसाला जमत नाही आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही निर्दयपणाची आहे.

त्याच पूर्व पोलंडात, सोव्हिएत फौजा मागे हटून जर्मन आल्यावर, १० जुलै १९४१ रोजी येद्वाब्ने या छोट्या गावातल्या ज्यूंना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळण्यात आले. बायका, मुले, सगळे. जवळजवळ चाळीस वर्षे गावातल्या दगडावर लिहिलेले होते की हे कृत्य जर्मन गेस्टापोचे. २००० मध्ये युद्धानंतर जन्मलेल्या यान ग्रॉस या इतिहासकाराने पुस्तक लिहिले आणि सांगितले की जर्मनांची फूस होती, पण हात शेजाऱ्यांचे होते, पोलिश शेजाऱ्यांचे. देशात वादळ उठले. सरकारी चौकशी झाली, किमान ३४० माणसे मारली गेली आणि मारणारे गावातलेच होते, असा निष्कर्ष निघाला. जुना दगड हलवला गेला. १० जुलै २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी तिथे जाऊन क्षमा मागितली. गावातल्या बहुतेकांनी त्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. ज्यांच्या आजोबांना सायबेरियात नेले होते, त्यांच्याच मुलखातली ही गोष्ट. ज्यांनी सोसले ते केवळ सोसणारेच होते, असे म्हणायची सोय या गावाने ठेवली नाही. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने, ज्यूंच्या संहारात पोलिश राष्ट्राचा वाटा होता असे म्हणणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा केला, आणि जगभर टीका झाल्यावर त्यातले शिक्षेचे कलम काही महिन्यांत मागे घेतले. दुःखाचा इतिहासही सत्तेला कसा सोयीचा करून घ्यावासा वाटतो, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

आता आपल्या १७ सप्टेंबरकडे वळू. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी मराठवाड्यात काय केले, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. गावे जाळली गेली, माणसे मारली गेली, बायकांची विटंबना झाली, हजारो कुटुंबे हद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे, विदर्भाकडे पळाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी जो लढा दिला त्यात केवढे धैर्य होते! १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. हा आनंद खरा होता, आजही खरा आहे. त्याचे स्मरण आणखी जोमाने व्हावे, हुतात्म्यांची नावे प्रत्येक शाळेत कळावीत, असेच आमचे म्हणणे आहे.

आणि त्यानंतरच्या आठवड्यांत काय झाले? रझाकार पळाले, पकडले गेले. त्यांच्या नावाचा सूड मात्र खेड्यापाड्यांतल्या अशा मुसलमानांवर उगवला गेला, ज्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. या बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवले. त्यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानभर फिरून अहवाल दिला. ‘पोलिस कारवाई’ म्हणवल्या गेलेल्या या लष्करी मोहिमेच्या वेळी आणि नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे त्यांतले दोन आजच्या मराठवाड्यातले. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात पडून राहिला. तो अभ्यासकांच्या हाती लागून त्यावर उघड चर्चा झाली ती एकविसाव्या शतकात. आकड्यांबद्दल वाद होऊ शकतो, व्हावा. पण गावागावांतल्या बुजवलेल्या विहिरी आणि अर्ध्यावर थांबणारी बोलणी म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहेत.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या बरोबरीच्या मुसलमान विणकरांना वाचवले, त्यासाठी स्वतः मार खाल्ला, काहींनी प्राणही दिले. या माणसांचा सत्कार कोणत्याच १७ सप्टेंबरला झालेला नाही. कसा होणार? ज्यांना त्यांनी वाचवले ते कोणापासून, हे सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट सांगता येत नाही. अर्धा इतिहास झाकला की त्याखाली आपले शूरही झाकले जातात.

जुन्या खपल्या आता कशाला काढायच्या, असे म्हणणारे भले लोक असतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. त्यांना भीती वाटते की याने आजची तेढ वाढेल. पण तेढ वाढवणाऱ्यांना मौनाने कधीच अडवलेले नाही, उलट मौनाने त्यांची सोय होते. दोन समाजांच्या घरांत दोन अर्ध्या गोष्टी वाढतात. एका घरात फक्त रझाकार असतात, दुसऱ्यात फक्त रझाकारांनंतरचे दिवस. दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांच्या आजोबांबद्दल काहीच जाणत नाहीत. या मुलांवर कोणताच दोष नाही, आणि म्हणूनच हा हिशेब पाहणे त्यांना शक्य आहे. ज्यांनी सोसले त्यांना दुसऱ्याचे दुःख ऐकण्याची ताकद नसते. ज्यांच्या हातून घडले ते बोलत नाहीत. त्यांची मुले बापाच्या अब्रूपायी विषय बदलतात. नातवंडांनाच तो प्रश्न विचारता येतो. काटीनला पन्नास वर्षे लागली, येद्वाब्नेला साठ, सुंदरलाल अहवालाला त्याहून थोडी अधिक. तिन्ही ठिकाणी साधारण नातवंडांची पिढी मोठी व्हायला लागली तेवढा हा काळ आहे.

आठवणीने माणूस आपोआप दयाळू होतो, असा मात्र भाबडा समज करून घेऊ नये. २०२२ मध्ये पोलंडने लाखो युक्रेनी निर्वासितांना घरांत घेतले. महायुद्धात व्होलिनियात युक्रेनी टोळ्यांनी पोलिश गावे कापली होती, हे विसरून नव्हे, आठवत असतानाही घेतले. त्याच देशाने आदल्या वर्षी बेलारूसच्या सीमेवर आलेल्या इराकी आणि सीरियन माणसांना जंगलातून परत ढकलले. वळिवड्याची गोष्ट सांगणाऱ्या आपणही आज दारात आलेल्या परक्या निर्वासिताकडे कसे पाहतो, हे तपासून घेण्यासारखे आहे. आठवण माणसाला पर्याय दाखवते. निवड त्याची त्यालाच करावी लागते, आणि ज्याला काहीच आठवत नाही त्याच्यापुढे तो पर्यायसुद्धा येत नाही.

म्हणून काही ठोस मागण्या. कोल्हापुरात पोलिश छावणीचे जतन होताना पाहुणचाराबरोबर १० फेब्रुवारी १९४० ची पहाट, काटीन आणि याल्टा यांची पूर्ण माहिती मराठीत लावली जावी, आणि त्याच बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या आठवणींनाही तिथे जागा मिळावी. राज्य सरकारने सुंदरलाल अहवालाचे अधिकृत मराठी भाषांतर प्रसिद्ध करावे, त्याच्या शेजारी रझाकारांच्या अत्याचारांचे दस्तऐवजही छापावेत, म्हणजे कोणालाच निवडक पाने फडकावता येणार नाहीत. आणि सर्वांत निकडीचे काम विद्यापीठांचे. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे, संभाजीनगरच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे. दोन्हीकडच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या वर्षी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायचे काम द्यावे. अट एकच असावी: प्रत्येक गावात हिंदू घरातही जायचे आणि मुसलमान घरातही, आणि दोन्ही घरी तोच प्रश्न विचारायचा.